टॅलीप्राईम घ्यायचं का? सांगली मार्केट यार्डातल्या दोन पेढ्यांवरून माझा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकते. टॅलीप्राईम ह्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला माझ्याकडनं पाचपैकी चार. बेदाणा, हळद, गूळ असल्या अडतीच्या धंद्यात हिशोब, येणं-देणं, जीएसटी सगळं व्यवस्थित सांभाळतं आणि सांगलीत ते येणारी माणसं गल्लोगल्ली मिळतात हा सगळ्यात मोठा फायदा. पण हे चार स्टार ज्या पेढीत मालकानं माणसांना सोबत घेऊन आणलं तिथले आहेत. ज्या पेढीत नुसता हुकूम सुटला तिथल्या दिवाणजींना विचारलं तर ते ह्याच सॉफ्टवेअरला दोन पण देणार नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही. म्हणून हा रिव्ह्यू अर्धा सॉफ्टवेअरचा आणि अर्धा ते आणणाऱ्या मालकाचा आहे, कारण दोन्ही वेगळं करून सांगताच येत नाही असं मला मनापासून वाटतं.

मी वसंतदादा मार्केट यार्डात काही पेढ्यांचे हिशोब आणि रिटर्न बघते. त्यातल्या दोन बेदाण्याच्या पेढ्या एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत, उलाढाल जवळपास सारखी, माणसं सारखी म्हणजे एक जुने दिवाणजी, एक बिलिंगवाला पोरगा, गोडाऊनला एक जण आणि हमाल. दोघांनी एकाच हंगामात जुन्या टॅली ईआरपी नाईनवरनं प्राईमवर जायचं ठरवलं, डीलर पण एकच, शिकवायला आलेला मुलगा पण तोच. नावं कुणाचीच लिहीत नाही, गाव लहान आहे.

ज्यांना टॅली म्हणजे काय हे माहीत नाही असे यार्डात कुणी नसतील पण तरी थोडक्यात. बेंगळुरूची कंपनी, 1986 साली श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचा मुलगा भरत गोएंका यांनी सुरू केली, वडलांच्या धंद्याचा हिशोब ठेवायला नीट सॉफ्टवेअर मिळेना म्हणून मुलानं लिहून दिलं असा त्याचा उगम. भरत गोएंकांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली. ईआरपी नाईन 2009 ला आलं आणि आपल्याकडच्या दिवाणजींची बोटं त्यावरच घडली, मग नोव्हेंबर 2020 मध्ये प्राईम आलं आणि स्क्रीन बदलली.

स्क्रीन बदलली म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण खरी गंमत इथंच आहे. कीबोर्डवरची एफ फोर ते एफ नाईन ही बटणं त्याच कामाला आहेत, पेमेंट एफ फाईव्ह, रिसीट एफ सिक्स, सेल एफ एट, परचेस एफ नाईन, इथं काही त्रास नाही. पण क्रेडिट नोट आधी कंट्रोल एफ एट होती ती आता ऑल्ट एफ सिक्स झाली, डेबिट नोट कंट्रोल एफ नाईनची ऑल्ट एफ फाईव्ह झाली. आता बेदाण्यात तूट, वजनातला फरक, माल परत हे रोजचंच, त्यामुळं डेबिट क्रेडिट नोट दिवसातनं कितीतरी वेळा लागते. जे दिवाणजी कीबोर्डकडं न बघता गिऱ्हाईकाशी बोलत बोलत एंट्री मारायचे त्यांचं बोट रोज चुकीच्या ठिकाणी पडायला लागलं. सगळ्यांसमोर, सौद्याच्या गर्दीत. पन्नाशी उलटलेला माणूस, ज्याला सगळी पेढी विचारून चालते, त्याला बावीस वर्षाच्या पोराला विचारावं लागतं की ती नोट कुठं गेली रे. हे दुखणं सॉफ्टवेअरचं नाही, पण मालकानं हे ओळखलं नाही तर सॉफ्टवेअर तिथंच मेलं.

पहिल्या पेढीचे मालक तरुण आहेत, पुण्याला शिकून आलेले, कॉम्प्युटरची आवड असलेले. बघणाऱ्याला वाटेल की इथं झटक्यात होणार. त्यांचा हेतू पण चांगला होता हे मी आवर्जून लिहिते, त्यांना खरंच वाटत होतं की वहीत अडकलेला धंदा बाहेर काढायचा. पण पद्धत अशी की एका सोमवारी सकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं, आजपासनं वही बंद, सगळं प्राईममध्ये, संध्याकाळी मी रिपोर्ट बघणार. प्रश्न विचारायला कुणी तोंड उघडलं नाही. उघडणार पण कसं. दिवाणजी नुसते "बरं मालक" म्हणाले आणि मला तेव्हाच कळलं की आता दोन वह्या होणार.

दुसरं म्हणजे त्यांनी सिल्व्हर लायसन्स घेतलं आणि ते स्वतःच्या केबिनमधल्या मशीनवर टाकलं. सिल्व्हरमध्ये एका वेळी एकच माणूस काम करू शकतो, गोल्डमध्ये लॅनवर म्हणजे पेढीतल्या जोडलेल्या मशीनवर कितीही, फक्त गोल्डची किंमत साधारण तिप्पट आहे. पैसे वाचवले हे समजू शकते, पण मशीन केबिनमध्ये ठेवल्यामुळं झालं काय की एंट्री करायला दिवाणजींनी मालकाच्या केबिनमध्ये जायचं, मालक फोनवर असले की बाहेर थांबायचं, आत गेलं की मालकाच्या नजरेसमोर टाईप करायचं. मग दिवसभराच्या चिठ्ठ्या खिशात आणि एंट्री संध्याकाळी. संध्याकाळची एंट्री म्हणजे आठवणीतनं केलेली एंट्री.

आणि तिसरं एडिट लॉग. हे जरा खुलासा करून सांगते कारण ह्या एका फीचरवरनं दोन्ही पेढ्यांमधला फरक सगळ्यात स्वच्छ दिसला. एडिट लॉग म्हणजे कोणत्या युजरनं कोणतं व्हाउचर म्हणजे एंट्री कधी केली, कधी बदललं, आधी काय होतं आणि नंतर काय झालं ह्याची नोंद. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासनं असा ऑडिट ट्रेल असलेलंच सॉफ्टवेअर वापरायचं बंधन आहे. यार्डातल्या बहुतेक पेढ्या प्रोप्रायटरी नाहीतर भागीदारी, त्यांना हे बंधन नाही. साध्या प्राईममध्ये एडिट लॉग चालू-बंद करता येतो, आणि एडिट लॉग नावानं जी वेगळी आवृत्ती येते तिच्यात बंदच करता येत नाही.

पहिल्या मालकांनी एडिट लॉग चालू केला आणि रोज रात्री तो उघडून बघायला लागले की कुणी किती वेळा काय बदललं. सकाळी विचारणा, हे व्हाउचर तीनदा का बदललं. आता नवीन स्क्रीनवर हात बसेपर्यंत माणूस चुकणार आणि चूक सुधारणार, ते तर चांगलं आहे ना. पण इथं सुधारणा म्हणजेच गुन्हा झाला. पोरांनी मग काय केलं, चूक झाली तरी दुरुस्तच करायची नाही, कारण दुरुस्त केलं की लॉगला नाव येतं. बिलिंगवाल्या पोरानं मला हळूच सांगितलं, "ताई, न बदललेली चूक मार्चला सापडतीय, बदललेली उद्या सकाळी सापडतीय." मी हे वाक्य विसरू शकत नाही. सॉफ्टवेअर नीट होतं, त्यातली सगळी माहिती हळूहळू खोटी होत चालली होती.

दुसऱ्या पेढीचे मालक म्हणजे आण्णा. सत्तरी गाठलेले, शाळा सातवीपर्यंत, स्मार्टफोनवर व्हॉट्सॲप सोडून काही करत नाहीत. ह्यांच्याकडं कसं होणार असं सगळ्या यार्डाला वाटत होतं. आण्णांनी पहिलं काम काय केलं असेल तर दिवाणजींना समोर बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त तकतक कशाची हुती रोज?" दिवाणजी म्हणाले, शून्य पेमेंटच्या वेळची.

यार्डाबाहेरच्यांसाठी सांगते, बेदाण्याच्या बाजारात दिवाळीच्या आसपास सौदे काही दिवस बंद ठेवून सगळ्यांची येणी-देणी शून्य करायची पद्धत आहे, खरेदीदारांनी अडत्यांचं आणि अडत्यांनी शेतकऱ्यांचं देणं मिटवायचं. ह्या काळात दिवाणजींची झोप उडते. कुणाचं किती राहिलं, कुठल्या लॉटचं, तुटीचे किती कापायचे, सगळं वह्या उलटून काढायचं आणि तिकडं दारात माणूस उभा.

आण्णा म्हणाले, मग एवढंच बघायचं, बाकी नंतर. डीलरच्या मुलाला सांगितलं की आधी ह्यांना बिलवार येणं कसं दिसतंय ते दाखवा, बाकी तुमचं लेक्चर राहू दे. त्यानं बिल-वाईज आऊटस्टँडिंग उघडून दाखवलं, पार्टी निवडली की कुठलं बिल किती दिवसाचं राहिलंय ते समोर. दिवाणजींनी खुर्ची पुढं ओढली. त्या क्षणी ते सॉफ्टवेअर त्यांचं झालं असं म्हणायला हरकत नाही.

मी शिवाजी विद्यापीठातनं बाहेरून एमबीए करत होते तेव्हा हे सगळं कागदावर वाचलेलं होतं. फ्रेड डेव्हिस नावाच्या संशोधकानं 1989 मध्ये मांडलं की माणूस नवीन सिस्टीम वापरतो की नाही हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, ह्याचा मला उपयोग आहे असं त्याला वाटतं का, आणि हे मला सहज जमेल असं त्याला वाटतं का. लक्षात घ्या, त्याला वाटतं का. मालकाला वाटून उपयोग नाही. पहिल्या पेढीत उपयोग मालकाच्या भाषेत सांगितला, रिपोर्ट, कंट्रोल, डेटा. आण्णांनी तो दिवाणजींच्या तकतकीच्या भाषेत सांगितला, तो पण दिवाणजींच्याच तोंडून वदवून.

"सहज जमेल का" ह्या दुसऱ्या भागासाठी आण्णांच्या पुतण्यानं जे केलं ते मी आता सगळ्यांना सांगते. टॅलीप्राईम लायसन्स न भरता एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं, फक्त त्यात महिन्याच्या ठराविक तारखांच्याच, म्हणजे पहिली, दुसरी आणि शेवटची, एवढ्याच एंट्र्या करता येतात. सरावाला तेवढं भरपूर होतं. जुन्या मशीनवर ते टाकलं, एक खोटी पेढी उघडली आणि सांगितलं ह्यात काय पण मोडा. दुपारी सौदे संपले की दिवाणजी, बिलिंगवाला आणि गोडाऊनवाला तिघं त्यावर बसायचे. आण्णा पण बसायचे. खरं सांगते, आण्णांना क्रेडिट नोट काढताना बघणं हे त्या पेढीतलं सगळ्यात मोठं ट्रेनिंग होतं. ते एका बोटानं टाईप करायचे, चुकायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "हे कुठं गेलं रं आता?" मालकच सगळ्यांदेखत विचारतोय म्हटल्यावर दिवाणजींना विचारायला कसली लाज राहतीय.

ह्यावर एक फार चांगला अभ्यास झालेला आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 16 हॉस्पिटल बघितली, जिथं हृदयाच्या ऑपरेशनची नवीन पद्धत आणली होती, छाती पूर्ण न उघडता छोट्या छेदातनं करायची. 2001 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या पद्धतीत सर्जनला सगळं थेट डोळ्यानं दिसत नाही, त्याला नर्सनं, मशीनवाल्यानं सांगितलेल्या माहितीवर चालावं लागतं, म्हणजे वर्षानुवर्षं गप्प राहायची सवय असलेल्या माणसांना बोलावं लागतं. कुठं जमलं आणि कुठं नाही हे हॉस्पिटल किती नावाजलेलं, सर्जन किती सीनियर ह्यावर ठरलं नाही. जिथं सर्जननं टीम विचार करून निवडली, आधी सराव घेतला, आणि मला तुमची गरज आहे, काय दिसलं तर बोला असं सांगितलं, तिथं जमलं. मार्केट यार्डातली पेढी आणि अमेरिकेतलं ऑपरेशन थिएटर ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण गप्प राहणारा हाताखालचा माणूस दोन्हीकडं तोच आहे. गोडाऊनवाल्याला लॉट नंबर चुकलेला दिसतो आणि तो बोलत नाही, कारण आजवर त्याला कुणी बोलायला सांगितलेलं नाही.

आण्णांच्या पेढीत तो बोलला म्हणून काय झालं ते बघा. प्राईममध्ये बॅचवार स्टॉक ठेवता येतो, कोल्ड स्टोअरेजमधला प्रत्येक लॉट एक बॅच आणि प्रत्येक कोल्ड स्टोअरेज एक गोडाऊन असं लावलं की पंधरा किलोचे बॉक्स कुठं किती पडून आहेत ते चटकन दिसतं. डीलरच्या मुलानं बॅचला सरळ एक दोन तीन नंबर दिले होते. गोडाऊनवाला म्हणाला, असं नको, आम्ही कोल्डच्या पावतीचा नंबर बघून माल काढतो, तोच टाका. साधी गोष्ट, पण त्यामुळं पुढचा सगळा घोळ वाचला. पहिल्या पेढीत आजपण बॅच नंबर एक आणि पावती नंबर दुसरा आहे, मधे एक कागद लावलाय भिंतीला, तो बघून जुळवायचं.

तसंच नावाचं. लेजरला म्हणजे पार्टीच्या खात्याला उर्फ म्हणून दुसरं नाव देता येतं आणि शोधताना दोन्हीतलं कुठलंही टाईप केलं तरी सापडतं. आपल्याकडं एका आडनावाचे पंचवीस शेतकरी असतात, दिवाणजी त्यांना गावावरनं आणि वस्तीवरनं ओळखतात, मणेराजुरीचे टेकावरचे, सावळजचे शाळेजवळचे. आण्णांनी सांगितलं दिवाणजींच्या तोंडात जे नाव आहे तेच उर्फ म्हणून घाला. दिवाणजींची पंचवीस वर्षांची ओळख सिस्टीममध्ये आली आणि दिवाणजी सिस्टीमला लागले. दुसरीकडं आदेश होता की आधार कार्डवर आहे तसंच पूर्ण नाव, बाकी काही नको, शिस्त पाहिजे. शिस्त झाली, शेतकरी सापडेना.

एडिट लॉग आण्णांकडं पण चालू आहे. फक्त आठवड्यातनं एकदा, शनिवारी, तो सगळ्यांनी मिळून उघडायचा आणि बघायचं जास्तीत जास्त दुरुस्ती कुठल्या प्रकारच्या व्हाउचरला होतेय. नाव बघायचं नाही, प्रकार बघायचा. एकदा दिसलं की हमाली-तोलाईची रक्कम सारखी बदलावी लागतेय, कारण दर दोन ठिकाणी वेगळा टाकलेला होता. तो एका जागी आणला, दुरुस्त्या थांबल्या. तेच फीचर, तोच डेटा.

जीएसटीचं एक उदाहरण देते म्हणजे नुसत्या गोड बोलण्याची गोष्ट नाही हे कळेल. 21 डिसेंबर 2024 ला जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी कौन्सिलनं खुलासा करायचं ठरवलं की शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही. आपल्या भागासाठी फार मोठी गोष्ट, कारण शेतकऱ्याचा माल कुठला आणि व्यापाऱ्याचा कुठला हे आता नोंदीतच स्वच्छ वेगळं पाहिजे. पहिल्या पेढीत मालकांचा रात्री ग्रुपवर मेसेज, उद्यापासनं दोन वेगळे लेजर ग्रुप, सगळ्यांनी लक्षात ठेवणे. सकाळी चौघांनी चार प्रकारे लक्षात ठेवलं. आण्णांनी मला बोलावलं, तासभर बसलो, दिवाणजींनी विचारलं की जो शेतकरी पण आहे आणि दुसऱ्याचा माल घेऊन विकतो पण त्याचं काय. हा प्रश्न माझ्या पण डोक्यात आला नव्हता. असे लोक आहेत, आणि त्यांची दोन लेजर करायला लागतात. आण्णा गप्प बसून ऐकत होते, शेवटी एवढंच म्हणाले, "दिवाणजी म्हणतात तसं करा, अडलं तर मला हाक मारा." काम त्याच दिवशी सुरू झालं.

कुणी म्हणेल कडक मालक असला की काम होतंच की. होतं, मालक समोर असेपर्यंत. कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1939 मध्ये दहा-अकरा वर्षांच्या पोरांच्या क्लबवर प्रयोग केला होता, एका गटाला हुकूम देणारा म्होरक्या, एकाला सगळ्यांना विचारून चालणारा आणि एकाला काहीच न बोलणारा. हुकूमवाल्या गटात काम होत होतं, पण म्होरक्या खोलीबाहेर गेला की थांबायचं, विचारून चालणाऱ्या गटात तो नसला तरी चालू राहायचं. पहिले मालक चार दिवस पुण्याला गेले की केबिन बंद, मशीन बंद, आणि वही निघते. मी डोळ्यानं बघितलंय.

तिसरा प्रकार पण आहे. मिरजेला एका खताच्या दुकानात मालक म्हणाले तुम्हाला पाहिजे तसं करा, मला त्यातलं कळत नाही. ऐकायला छान वाटतं. तीन जणांनी एकाच गिऱ्हाईकाची तीन लेजर केली, एकानं मराठीत, दोघांनी इंग्लिशमध्ये वेगवेगळ्या स्पेलिंगनं. आण्णांना पण कॉम्प्युटर कळत नाही, पण ते रोज विचारतात आणि शेवटचा शब्द त्यांचा असतो. मोकळीक देणं आणि सोडून देणं ह्यात मोठा फरक आहे.

आता सॉफ्टवेअरबद्दल जे उरलं ते पटापट. ऑल्ट जी दाबून गो-टू उघडलं की पाहिजे तो रिपोर्ट नाव टाईप करून मिळतो, मेनूत हिंडायची गरज नाही, हे एकच बटण नीट शिकवलं तरी जुन्या माणसांची निम्मी भीती जाते, म्हणून माझा आग्रह असतो की पहिल्या दिवशी हेच शिकवा. ई-इनव्हॉइस व्हाउचरमधनंच निघतं. 1 ऑगस्ट 2023 पासनं ज्यांची उलाढाल 5 कोटींच्या वर त्यांना ते सक्तीचं आहे, म्हणजे यार्डातल्या बऱ्याच पेढ्या त्यात येतात. ई-वे बिल पण तिथनंच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखाच्या वर आणि राज्याबाहेर 50 हजाराच्या वर लागतं, हे अजून काहीजण उलटं धरून चालतात म्हणून लिहिलं. प्राईमच्या चार पॉईंट झिरो आवृत्तीपासनं व्हॉट्सॲपवर बिल पाठवायची सोय आली, त्याला बिझनेस खातं आणि वेगळे पैसे लागतात, पण शेतकऱ्याला पट्टी म्हणजे त्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद त्याच्या फोनवर गेला की दारातली गर्दी कमी होते. पाच पॉईंट झिरोपासनं जीएसटी पोर्टलशी थेट जोडणी आहे, माझं स्वतःचं काम त्यानं फार हलकं झालं.

एक स्टार का कापला ते पण सांगते. अडतीची पट्टी आपल्याला पाहिजे तशी, म्हणजे वजन, तूट, हमाली, तोलाई, कोल्डचं भाडं, उचल असं सगळं वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात द्यायचा कागद, हे मूळ सॉफ्टवेअरमध्ये तयार येत नाही. ते टीडीएल म्हणजे टॅलीच्या स्वतःच्या भाषेतला जादा प्रोग्रॅम लिहून डीलरकडनं करून घ्यावं लागतं, त्याचा खर्च वेगळा. आणि पुढं अपडेट आलं की ते परत तपासून घ्यावं लागतं. आणि दरवर्षी टीएसएस म्हणजे टॅलीची वार्षिक वर्गणी रिन्यू केली नाही तर नवीन अपडेट मिळत नाहीत, जीएसटीचे नियम सारखे बदलत असताना ते टाळून चालत नाही. खरेदी करताना हे दोन्ही खर्च धरूनच बजेट करा.

डीलरकडनं येणाऱ्या ट्रेनिंगबद्दल. मुलगा हुशार होता, दोन्हीकडं सारखंच शिकवत होता. पहिल्या पेढीत त्याला दोन तासात सगळं उरकायला सांगितलं आणि मालक स्वतः तिथं नव्हते. दुसरीकडं त्याला रोज अर्धा तास यायला सांगितलं, सौदे संपल्यावर, आणि एका दिवशी एकच गोष्ट. त्या मुलानं स्वतः मला सांगितलं की आण्णांकडं मलाच शिकायला मिळालं, बेदाण्याचा धंदा कसा चालतो ते. ट्रेनिंगचे तास किती लिहिलेत ते कोटेशनमध्ये बघाच, पण ते कसे वाटून घेणार हे आधी बोलून घ्या, डीलर ऐकतात.

पहिल्या पेढीचं पुढं काय झालं हे विचाराल. गेल्या शून्य पेमेंटच्या वेळी येण्याचा रिपोर्ट आणि वही जुळेना, एका खरेदीदारानं पैसे दिलेले असताना त्याच्याकडं परत मागणी गेली, यार्डात चर्चा झाली. मालकांनी राग कुणावर काढला नाही हे त्यांचं मोठेपण. मला बोलावून विचारलं की सॉफ्टवेअर बदलायचं का. मी सांगितलं सॉफ्टवेअर राहू दे, मशीन बाहेर आणा. त्यांना आधी कळलं नाही, मग दिवाणजींना समोर बसवून मी सगळं बोलले, दिवाणजी पण बोलले, जरा कडक झालं. पण दुसऱ्या आठवड्यात सिल्व्हरचं गोल्ड करून घेतलं, त्याला फक्त फरकाचे पैसे भरावे लागतात, नवीन पूर्ण किंमत नाही. आता दोन मशीन बाहेर आहेत, एक दिवाणजींच्या गादीशेजारी. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन दिलंय. रोज रात्रीचा एडिट लॉग बंद झाला. दिवाणजींनी शेतकऱ्यांची उर्फ नावं घालायला घेतलीत, क पर्यंत आलेत. वही अजून चालू आहे आणि मी मालकांना सांगितलंय की ती बंद करायला सांगू नका, दिवाणजी स्वतःच सांगतील.